प्रिंटरच्या पोटात अडकलेलं लग्न

तीर्थरूप वहिनी,

धाकट्या जावेचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी दोन अंगं, म्हणजे माझे दोन्ही गुडघे, सध्या कामावर नसल्यामुळे नमस्कार सहाच अंगांचा झाला आहे. तो पूर्ण मानून घ्यावा.) तुमची तब्येत बरी असेल. मागच्या खेपेला तुम्ही म्हणाला होतात की डाव्या कानात कुणीतरी गुणगुणल्यासारखं वाटतं. थांबलं का ते? डॉक्टरांनी दिलेले थेंब तुम्ही घातले नसणार, हे मला ठाऊक आहे. त्या डॉक्टरांचं अक्षर तुम्हाला आवडलं नव्हतं. न्हाणीघरातला नळ गळायचा थांबला का? खालच्या मजल्यावरच्या बाईंनी नेलेली शिडी परत आली, की त्यांनी ती आता आपलीच मानली? सगळं सविस्तर कळवा.

तुम्हाला वाटेल, चार घरं सोडून राहणाऱ्या जावेला ही पत्र लिहायची हौस कुठून आली. वहिनी, खरं सांगू का? फोनवर मी 'आज काय झालं माहितेय का' एवढं म्हणते आणि पुढचं सगळं तुम्हीच सांगता. या घरात आल्यापासून तुमच्यासमोर माझं एकही वाक्य पूर्णविरामापर्यंत पोचलेलं नाही. (तक्रार नाही हं. अर्धी अर्धी वाक्यं बोलून माझी पुष्कळ शक्ती वाचली आहे.) पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून हा उद्योग. ह्यांच्या हाती पत्र पाठवते आहे. ह्यांना काही विचारू नका. मी ह्यांना बजावलंय की वहिनींचं वाचून संपेपर्यंत खुर्चीतून उठायचं नाही आणि तोंड उघडायचं ते फक्त चहासाठी. आणखी एक विनंती: शेवटचं पान आधी वाचू नका. मासिकातल्या गोष्टी तुम्ही शेवटाकडून वाचता आणि मग 'यात काय एवढं' म्हणता, हे मी अनेकदा पाहिलंय. ही गोष्ट तशी वाचलीत तर माझे दोन दिवस आणि अर्धी बाटली शाई वाया जाईल.

तर आमचा प्रिंटर.

आमचं ऑफिस तुम्ही पाहिलेलं आहे. (तुम्ही आलात तेव्हा खुर्च्यांवरची धूळ बोटाने काढून मला दाखवली होतीत.) विवाह नोंदणीचं ऑफिस म्हटलं की लोकांना वाटतं, इथे फुलं, हसू, फोटो. प्रत्यक्षात एक लांबलचक काउंटर, एक डुगडुगणारं बाकडं, थंडगार पाण्याचं मशीन आणि त्याला खेटून आमचा प्रिंटर. अंगाने बसक्या कपाटाएवढा. रंग मूळचा पांढरा होता म्हणतात. त्याच्या कपाळावर एक छोटी पाटी उजळते, आणि गेल्या महिन्यापासून तिच्यावर एकच वाक्य येतंय: 'कागद अडकला आहे. झाकण ब उघडा.' आता झाकण अ सगळ्यांना माहीत होतं. झाकण क एकदा हातातच आलं होतं, ते कपाटात जपून ठेवलंय. झाकण ब मात्र कुणी कधी पाहिलेलं नव्हतं. ऑफिसात त्याच्याबद्दल लोक असं बोलत, जसं दूरच्या श्रीमंत नातेवाइकाबद्दल बोलतात: आहे म्हणे कुठेतरी.

कागद का अडकतो, याबद्दल प्रत्येकाचं स्वतंत्र मत होतं. जुनी दप्तरं सांभाळणारे आमचे एक काका आहेत, त्यांना आम्ही फुंकरकाका म्हणतो. जगातली कुठलीही गोष्ट फुंकर मारली की सुधारते, अशी त्यांची ठाम समजूत. चहा, फाइल, चष्मा, काउंटरवरचं भांडण, सगळ्यावर एकच इलाज. ते रोज सकाळी प्रिंटरच्या तोंडात फुंकर घालत आणि आतली धूळ आणखी आत पाठवत. दुसऱ्या आमच्या टायपिस्ट, नंतरबाई. काहीही बिघडलं की नंतर त्या म्हणतात, 'मी म्हणणारच होते.' आधी कधी म्हटलेलं कुणी ऐकलेलं नाही. साहेबांचं मत मात्र नैतिक स्वरूपाचं होतं. कर्मचारी खाजगी कागद छापतात म्हणून मशीन रुसतं, असं म्हणून त्यांनी प्रिंटरच्या वर भिंतीवर परिपत्रकच लावलं: 'खाजगी छपाई करणाऱ्यावर कारवाई होईल.' (ते परिपत्रक छापतानाही कागद अडकला. मग हाताने लिहिलं.) दुरुस्तीवाल्याला फोन केला की तो म्हणतो, 'बंद करून चालू करा, मी वाटेतच आहे.' हा माणूस आमच्या ओळखीचा झाल्यापासून वाटेतच आहे.

शिवाय दोष कागदाला द्यायचीही पद्धत होती. कुणी म्हणे कागद पातळ, कुणी म्हणे जाड, कुणाला कोपरा दुमडलेला दिसे. एकेक कागद उजेडात धरून नापास करायचा. मला तर, राग मानू नका, तुम्ही आपल्या छकुलीसाठी मुलं बघता त्याची आठवण व्हायची. एकाची मान लांब. एकाची आई फार हसते. एकाचं तर नुसतं शिक्षण ऐकलंत आणि फोटोचं पाकीट न उघडता परत धाडलंत. असो. विषय प्रिंटरचा आहे.

परवा मंगळवारी दुपारची जेवणं आटोपून आम्ही बसलो होतो, तेवढ्यात एक जोडपं आलं. म्हणजे अजून जोडपं नव्हतं, व्हायला आलं होतं. मुलगी, मुलगा, मुलीची एक नर्स मैत्रीण आणि एक पोक्त गृहस्थ. (नावं लिहीत नाही. ऑफिसची गुप्तता असते, तुम्हाला माहीतच आहे.) मुलगी अशी, की रांगेत उभी राहिली तर रांग आपोआप सरळ व्हावी. आल्या आल्या तिने आमच्या घड्याळाकडे पाहून सांगितलं की ते मागे आहे, आणि ते होतंच. मुलगा तिच्या मानाने अगदीच शांत. केस नीट विंचरलेले, पण बाहीवर मांजराचे केस. आणि ते गृहस्थ बाकड्याच्या टोकाला बसले, त्यांनी वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं आणि दार वाजलं की ते आणखी वर जायचं. पत्र उलटं धरलंय, हे मी त्यांना सांगितलं नाही. माणसाला एवढी तरी मोकळीक असावी.

त्यांच्या नोटिशीची मुदत त्याच दिवशी संपत होती. तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगते: आमच्याकडे आधी नोटीस लागते, ती बाहेरच्या फलकावर महिनाभर असते, आणि त्यानंतर ठरलेल्या मुदतीच्या आत प्रमाणपत्र छापून त्यावर साहेबांची आणि दोन साक्षीदारांची सही व्हावी लागते. नाही झाली तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न, पुन्हा फलकावर नावं. त्या मुलीच्या घरी अजून एका व्यक्तीला सांगायचं राहिलं होतं, असं त्यांच्या बोलण्यावरून मला समजलं. या खेपेला त्यांच्या नोटिशीवर नेमकी पाणीपुरवठ्याची मोठी सूचना चिकटवली गेली होती, त्यामुळे ती कुणाला वाचता आली नव्हती. (कुणी चिकटवली कोण जाणे. ऑफिसात डिंक सगळ्यांनाच मिळतो.) पण नशीब दरवेळी पाणीपुरवठ्याच्या रूपाने मदतीला येत नाही. तेव्हा जे काही व्हायचं ते पाचच्या आत, कारण पाचला साहेबांची बस असते आणि साहेबांनी ती बस आजवर कुणासाठीही चुकवलेली नाही. त्यांच्या स्वतःच्या निरोप समारंभातूनही ते बसच्या वेळी उठतील.

शपथा झाल्या, वहीत सह्या झाल्या. मी प्रमाणपत्र छापायला सोडलं. आधी 'कर्र' झालं, मग 'खट्ट', मग एखाद्या जाड माणसाने जिन्यावर थांबून सुस्कारा सोडावा तसा आवाज. कागदाची वरची कड बाहेर आली. नक्षी आली, शिक्का आला, आणि 'प्रमाणित करण्यात येते की' एवढी अक्षरं आली. आणि थांबलं. काय प्रमाणित करण्यात येते, ते प्रिंटरच्या पोटात.

फुंकरकाका धावले, त्यांनी फुंकर मारली. नंतरबाई म्हणाल्या, "मी म्हणणारच होते." साहेब उठले, दोन बोटांत ती कड धरली आणि अधिकाराने ओढली. टर्रर्र. साहेबांच्या हातात 'प्रमाणित कर' आलं, बाकीचं आतच राहिलं. त्या मुलीने असा काही आवाज काढला की बाकड्यावरचं वर्तमानपत्र थरथरलं. मग तिने पदर खोचावा तशी ओढणी खोचली, आम्हा सगळ्यांना बाजूला केलं आणि प्रिंटरला चांगली सणसणीत थाप मारली. पाटीवर पुन्हा तेच: झाकण ब उघडा. "अरे, पण कुठंय ते!" म्हणून तिने दुसरी थाप उगारली.

मुलाने तिचा हात वरच्या वर धरला. "थांब जरा. आधी त्याला काय होतंय ते बघू."

आणि तो चक्क जमिनीवर उकिडवा बसला. प्रिंटरकडे खालून वर, डावीकडून उजवीकडे पाहिलं. मग फुंकरकाकांना विचारलं, "कधीपासून असं होतंय?"

"महिना झाला."

"त्याच्या आधी काही नवीन खायला घातलं होतं?"

फुंकरकाका गोंधळले. "म्हणजे कागद ना? हो, प्रमाणपत्रांसाठी जाड कागद आला. नक्षीचा."

"साध्या कागदात मिसळून घालता? आणि बाहेर पडतं ते कसं असतं?"

"काळे ठिपके असतात," फुंकरकाका गंभीरपणे म्हणाले. एखादी आजी डॉक्टरांना नातवाचं सांगते ना, तसे.

तेव्हा त्या मुलाच्या लक्षात आलं की सगळे त्याच्याकडे बघताहेत. ओशाळून म्हणाला, "मला यातलं काही कळत नाही हो. मी जनावरांचा डॉक्टर आहे. पण माझे पेशंटही बोलत नाहीत, त्यामुळे घरच्यांना विचारायची सवय लागली आहे."

(वहिनी, इथे थांबू नका. पुढे वाचा.)

त्याने आधी मशीन बंद करून वायर काढायला लावली. आत गरम असतं, हात भाजेल, निवू द्या म्हणाला. निवेपर्यंत त्याने ट्रे ओढून काढला आणि मांडीवर घेऊन बसला. वहिनी, त्या ट्रेची अवस्था मी काय सांगू. जाड कागद, पातळ कागद, मध्येच एक पिवळा, सगळे एकत्र कोंबलेले. ट्रेच्या आतल्या अंगाला एक रेघ असते, तिच्या वर कागद जाऊ द्यायचा नसतो. आमचा गठ्ठा तिच्या बोटभर वर. कागद दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या सरकत्या पट्ट्या असतात, त्या पार टोकाला सरकलेल्या, त्यामुळे ढगळ सदऱ्यात बारीक माणूस हलावा तसे कागद आत हलत होते. आणि फोडलेलं पाकीट महिनाभर त्या पाण्याच्या मशीनला टेकून पडलेलं. त्याने एक कागद हातावर घेतला, तर तो दमट, लाटा पडलेला, अर्धवट वाळलेल्या रुमालासारखा. "याला सर्दी झाली आहे," तो म्हणाला. नंतरबाई म्हणाल्या, "मी हेच..." पण मुलीने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्यांनी वाक्य गिळलं. त्या नजरेचं मला फार कौतुक वाटलं. फार ओळखीची नजर आहे ती.

मग आम्ही सगळ्यांनी मिळून प्रिंटर भिंतीपासून पुढे ओढला. आणि काय सांगू, झाकण ब तिथे होतं! पाठीला. आम्ही महिनाभर त्याची पाठ भिंतीला लावून त्याला पुढून ओरबाडत होतो. फुंकरकाकांनी झाकणाला आदराने हात लावला.

मुलीने मोबाइलचा उजेड धरला, पर्समधून भुवयांचा चिमटा काढून दिला, आणि तो आत डोकावला. कागद रबरी रुळांच्या मध्ये घड्या पडून बसला होता. मुलगी म्हणाली, "ओढ ना, दिसतोय तर!" आणि तिने हात घातलाही. तो म्हणाला, "हळू. दोन्ही हातांनी धर, आणि तो जिकडे निघाला होता तिकडेच काढ. उलटा ओढला की तुकडा आत राहतो, आणि मग पुढचा प्रत्येक कागद त्याच तुकड्याला अडखळतो." आणि वहिनी, तिने ऐकलं! त्या मुलीने कुणाचं ऐकलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. (म्हणजे दुपारी आल्यापासून.) दोघांनी मिळून, जीभ दाताखाली धरून, तो कागद इतक्या सावकाश बाहेर काढला की आम्ही श्वास धरून उभे.

एवढ्यात ती नर्स मैत्रीण घड्याळ दाखवू लागली. तिची हॉस्पिटलातली ड्यूटी सुरू व्हायची होती. जाताना तिने मुलीला मिठी मारली, 'सॉरी सॉरी' म्हणाली आणि गेली. एक साक्षीदार कमी झाला, हे त्या क्षणी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. मी बाकड्याजवळ गेले आणि त्या गृहस्थांना म्हटलं, तुम्हीही बघा ना काही सुचतंय का. ते वर्तमानपत्रामागून हळूच म्हणाले, "आमच्याकडे असं काही अडकलं की मी गप्प बसतो. आपोआप सुटतं." दीर्घ अनुभवाचा माणूस वाटला.

कागद निघाला तरी त्या मुलाचं समाधान होईना. त्याने टेबलावर तुकडे मांडले. साहेबांच्या हातातलं 'प्रमाणित कर' जोडून पाहिलं. कोपरा कमी होता. "पूर्ण कागद जुळल्याशिवाय झाकण लावायचं नाही," म्हणाला, आणि पुन्हा आत शिरला. कोपरा निघाला. मागोमाग आणखी जुने कोपरे निघाले, आमच्या महिनाभराच्या ओढाओढीचे. आणि सर्वांत शेवटी, रुळाला चांगलं घट्ट चिकटलेलं, त्याने चिमट्याने सोलून काढलं एक लेबल. गोंदाचं. त्याच्यावर सुबक अक्षरांत, फुलांच्या चौकटीत, छापलं होतं: 'साखर'.

वर भिंतीवर परिपत्रक. खाली चिमट्यात साखर. मी फुंकरकाकांकडे पाहिलं, फुंकरकाकांनी नंतरबाईंकडे, नंतरबाईंनी माझ्याकडे. आणि मग आम्ही तिघांनी साहेबांच्या कानांकडे पाहिलं. ते लालबुंद झाले होते. मुलगा बिचारा निष्पापपणे म्हणाला, "कुणीतरी याला चोरून गोड भरवत होतं वाटतं." साहेब घसा खाकरून म्हणाले, "हे परकं साहित्य आहे. ताबडतोब फेकून द्या." आणि केबिनकडे वळता वळता, अगदी हळू, त्या मुलाला, "चहापत्तीचं नाही ना निघालं आत?"

वहिनी, माणूस वाईट नाही. बायकोने नवे डबे आणलेत, तिला सगळ्यांवर एकसारखी नावं हवी होती. माणूस परिपत्रक काढतो, पण घरी जायचं असतंच त्याला.

पुढचं भराभर झालं. रूळ ओलसर फडक्याने पुसले, कोरडे केले. न फोडलेलं पाकीट उघडलं. मुलाने कागद पत्त्यांसारखे पिसून, टेबलावर ठोकून सारखे केले. रेघेच्या खाली भरले. पट्ट्या कागदाला नुसत्या टेकतील अशा सरकवल्या, दाबल्या नाहीत. साधा कागद ट्रेमध्ये, आणि नक्षीचा जाड कागद एकटाच, पुढच्या छोट्या फळीवरून. वायर लावली. पाटी उजळली. तिच्यावर 'तयार' असा शब्द आला. हा शब्द त्या मशीनला येतो, हेच आम्हाला माहीत नव्हतं.

आणि तेव्हा साहेब म्हणाले, "दुसरा साक्षीदार कुठाय?"

मुलीचा चेहरा पहिल्यांदाच पडला. इतका वेळ मशीन बडवणारी, घड्याळं सुधारणारी ती मुलगी एकदम लहान दिसायला लागली. मुलगा म्हणाला, "बाहेर रस्त्यावर कुणाला तरी विचारतो," आणि ती म्हणाली, "रस्त्यावरचं कुणी नको. माझ्या लग्नाला माझं कुणीतरी असू दे." हे ती रागाने म्हणाली, पण रागाने म्हणता म्हणता तिचा आवाज फुटला. ते वर्तमानपत्रवाले गृहस्थ उठले, तिच्या पाठीवर हात ठेवून नुसतेच उभे राहिले.

शेवटी ऑफिसातल्याच एक बाई पुढे झाल्या. साहेब म्हणाले, कामावरच्या कर्मचाऱ्याला साक्षीदार होता येत नाही. बाई म्हणाल्या, मग मी आत्ता कामावर नाही, अर्ध्या दिवसाची रजा लिहून घ्या. साहेब म्हणाले, रजेचा अर्ज छापील लागतो. आता आली का पंचाईत? पुन्हा प्रिंटर! बाईंनी अर्ज छापायला सोडला. सगळं ऑफिस उभं राहिलं. फुंकरकाकांनी ओठांचा चंबू केला होता, त्यांच्या तोंडावर नंतरबाईंनी हात ठेवला. अर्ज सर्रकन बाहेर आला. साहेबांनी रजा मंजूर केली, आणि मग मागोमाग, 'प्रमाणित करण्यात येते की' पासून शेवटच्या ठिपक्यापर्यंत, अख्खं प्रमाणपत्र. एक डाग नाही, एक घडी नाही. नुकताच छापलेला कागद गरम असतो, तुम्ही कधी हातात घेतलाय का? त्या मुलीने तो गालाला लावला. मग सह्या झाल्या. साहेब जिना उतरताना पळत होते, त्यांना बस मिळाली असं ऐकते. नवरा-नवरी मात्र प्रिंटर पुन्हा जागेवर सरकवायला थांबली. 'भिंतीला चिकटवू नका, पाठ उघडता आली पाहिजे,' असं मुलाने मला बजावून सांगितलं.

तेव्हापासून आमच्याकडे शिस्त आली आहे. कागदाचं पाकीट कपाटात, वापरायच्या दिवशीच फोडायचं. टाचण्या काढल्याशिवाय कागद मशीनच्या आसपास न्यायचा नाही. अडकला तर आधी बंद करायचं, मग पाठीमागून बघायचं, मग तुकडे मोजायचे. फुंकरकाकांना स्वतंत्र पंखा दिला आहे, त्याच्यावर ते फुंकर मारतात. तुमच्या ऐकण्यात कुणाचा प्रिंटर अडकत असेल तर हे जरूर सांगा.

बाकी सर्व क्षेम. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि तुम्हाला दोन्ही, कारण आज तुम्हाला दोन्हीची गरज पडेल.

तुमची आज्ञाधारक (बहुतेक वेळा),
धाकटी जाऊ

ता. क. रजा टाकून सही करणाऱ्या ऑफिसातल्या त्या बाई म्हणजे मी.

ता. क. आणि ती मुलगी म्हणजे आपली छकुली. पाणी प्या. ह्यांनी समोर पेला भरून ठेवला असेल. जनावरांचा डॉक्टर तोच, ज्याचं पाकीट तुम्ही 'गुराढोरांचा वैद्य माझ्या मुलीला नको' म्हणून परत धाडलंत. पाकीट धाडलंत, पण तोवर त्यांची ओळख झालेली होती. परवा संध्याकाळी ती घरी आली, तुमच्या हातचं जेवली, आणि तुम्ही तिला म्हणालात म्हणे, 'आज चेहऱ्यावर तेज दिसतंय, लवकर झोपत जा.' वहिनी, तिने तुम्हाला सांगायचा पुष्कळ प्रयत्न केला. 'आई, मला एक...' एवढं म्हणायची, आणि पुढे तुम्ही तिला 'एक स्वेटर हवाय ना, आणू' म्हणायचात. या हिवाळ्यात तिच्याकडे किती स्वेटर झालेत ते मोजा. ऑफिसात ती रडली, ते साक्षीदार नाही म्हणून नव्हे. तुम्ही नव्हतात म्हणून. ते मला दिसलं, म्हणून हे पत्र.

ता. क. रागवायचं तर माझ्यावर रागवा, सवय आहे. छकुलीवर रागावू नका. आणि वर्तमानपत्रवाल्या त्या गृहस्थांवर तर मुळीच नको, ते बिचारे आधीच भेदरलेत. भाऊजी 'जरा फिरून येतो' म्हणून बाहेर पडले असतील ना आज? स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली पाहा. दोघं नाही, तिघं उभे आहेत. तुम्ही पाकीट फोडलंत तेव्हापासून उभे आहेत, आणि पत्र मी जरा लांबवलंय. खिडकीतून काही बोलू नका, नुसता हात हलवा. वर या, असा. त्यांना कळेल.

ता. क. आता ज्यासाठी हा सगळा पत्रप्रपंच केला, ते. जावई पहिल्यांदा घरी येताहेत म्हणून दोन-तीन दिवस ठेवून घ्याल, त्याला माझी ना नाही. पण उद्या सकाळी अकराला तासभर त्यांना आमच्या ऑफिसात सोडा. प्रिंटर पुन्हा अडकलाय. काय अडकलंय ते साहेब सांगत नाहीत, फक्त म्हणतात, 'त्या डॉक्टरांनाच बोलवा, आणि एकटेच आत बघू देत.'